खरात मिस्त्रींचा डावा कान

मी गिटार घेण्याआधी गिटारचे पिकअप विकत घेतले. वयाच्या अडतिसाव्या वर्षी, पूर्ण शुद्धीत, पुण्याच्या एका दुकानात स्वतःच्या पायांनी चालत जाऊन.

पिकअप म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बसवलेलं चुंबक आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की या डबीला ते कळतं, आणि ती स्पीकरला जाऊन सांगते. हे ज्ञान मला इंटरनेटवर प्राप्त झालं. तिथंच कुणीतरी लिहिलं होतं की शिकाऊ माणसानं गिटार परवडेल अशी घ्यावी आणि मग तिच्यात पिकअप भारी टाकावेत. त्यातलं दुसरं कलम मी आधी अमलात आणलं. परदेशी जोडी, वर सोनेरी टोपणं, मखमली डबी. घरी आल्यावर सुमेधानं, म्हणजे बायकोनं, डबी उघडून पाहिली आणि विचारलं, "छान आहे. पण हे बसवायचं कशात?" तेव्हा मला पहिलं कलम आठवलं.

जास्त लाजेची गोष्ट अशी, की मी वाळूजच्या एका कारखान्यात खरेदी विभागात होतो. चार जिल्ह्यांतले पुरवठादार माझ्यासमोर घाम पुसत बसायचे. आणि घराणं म्हणाल तर आजोबा तहसिलीत कारकून, त्यांचे वडील पूजा सांगणारे. तांब्याशी आमचा संबंध पळी-पंचपात्रापलीकडे कधी गेलेला नव्हता. तो ज्या माणसामुळे गेला त्याच्याविषयी मला लिहायचंय.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि ते वाट फुटेल तिकडे पसरत होतं. बीड बायपासपलीकडे ज्वारीच्या रानात बारा-बारा फ्लॅटच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि दरेक इमारतीखाली एक बोअर. पाऊस मात्र नकाशा पाहून येत नसावा. लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्याच्या आगेमागेचीच ही वर्षं. पाणी खाली गेलं की मोटार कोरडी फिरते, कोरडी फिरली की जळते, आणि जळली की शहागंजात जाते. आमच्या सोसायटीची मोटार जानेवारीतच जळली. सेक्रेटरी मी होतो, कारण निवडीच्या बैठकीला मी एकटाच उशिरा पोचलो होतो.

शहागंजच्या घड्याळापासून आत एका बोळात खरात मिस्त्रींचं मोटार भरायचं दुकान. मोटार 'भरणं' म्हणजे जळालेली तांब्याची तार उपसून नवी घालणं. दुकान कसलं, एक पत्र्याचं शेड आणि पुढं बोळभर ओळीनं मांडलेल्या जळक्या मोटारी, प्रत्येकीवर खडूनं आकडा. त्या ओळीच्या टोकाला स्टुलावर कौसाबाई, मिस्त्रींची बायको, हातात खडू घेऊन. आत मिस्त्री. पंचावन्नच्या पुढचे, काटकुळे, कपाळावर चष्मा. त्या चष्म्याची एक काडी काळ्या टेपनं गुंडाळलेली. नीट पाहिल्यावर कळलं, की पेन, पाण्याची बाटली, जेवणाच्या डब्याची कडी, पक्कड, सगळंच काळ्या टेपनं गुंडाळलेलं आहे. मिस्त्रींच्या हातात आलेली वस्तू फार वेळ उघडी राहत नसे.

"इकडून बोला साहेब," ते पहिल्याच दिवशी म्हणाले, डावीकडं बोट दाखवत. "उजवा कान इंजनाला देऊन टाकला. ऱ्हायला एक."

पण तो एक कान म्हणजे वजनदार प्रकरण होतं. कुठलीही मोटार आली की मिस्त्री एक हातभर लांब पेचकस घेत, टोक मोटारीवर टेकवत, मूठ डाव्या कानाला लावत आणि दुसऱ्या हातानं तिचा दांडा फिरवत डोळे मिटत. मग सांगत, "बेरिंग गेलीय," किंवा "तांबं चांगलं हाय, वायसर घासतोय." मोटार उघडली की तीच बेरिंग, तोच वॉशर निघे. आमची मोटार मी नवी, चकचकीत निळ्या रंगाची म्हणून अभिमानानं आणली होती. त्यांनी पेचकस लावला आणि म्हणाले, "तांबं फसवत नाय साहेब. वार्निश फसवतं." मी हे वाक्य ऐकून मान डोलावली. मान डोलावणं आणि समजणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

वेढे घालताना ते मोठ्यानं मोजत आणि मोजताना कुणाशी बोलत नसत. एकदा एका बिल्डरचा माणूस आला, काळा गॉगल, हातात दोन फोन. मिस्त्रींचं "बेचाळीस, त्रेचाळीस" चाललेलं. हा म्हणाला, "मिस्त्री, आपली आज संध्याकाळी पाहिजे. पैशाचं बघू नका." मिस्त्रींनी वर पाहिलं. मग शांतपणे त्रेचाळीस वेढे उलगडले आणि म्हणाले, "एक." माणूस परत बोलला. परत उलगडले. "एक." तिसऱ्या वेळेला कौसाबाई म्हणाल्या, "दादा, तुम्ही बोलत ऱ्हाता तवर मोटार उलटी भरत ऱ्हाती. गप बसा, नायतर जा." तो गॉगल काढून बसला.

मोटारींचा क्रमही आला त्याप्रमाणे नसे. मिस्त्रींचा नियम होता: जिथं घागरी जास्त, ती मोटार आधी. वस्तीतला सार्वजनिक बोअर असेल, त्यावर दीडशे घागरी लागत असतील, तर तो सगळ्यांच्या पुढं. आमच्या बारा फ्लॅटांना नववा नंबर मिळाला. मी खरेदी विभागातला माणूस. पुरवठादाराचा नियम कळला की त्याला कुठून वळसा घालायचा हे आम्हाला शिकवलेलं असतं. दुसऱ्या दिवशी मी दोन रिक्षांतून वीस घागरी आणल्या आणि दुकानापुढं ओळीत मांडल्या. म्हटलं, बघा, केवढी जनता तहानलेली आहे.

कौसाबाई स्टुलावरून उठल्या. पहिली घागर उचलली, फिरवली, खाली ठेवली. दुसरी उचलली.

"भाऊ, हिला अजून स्टिकर हाय," त्या म्हणाल्या. "पाणी कसं दिसतंय हे बी ठाऊक नाय बिचारीला."

बोळ हसला. मिस्त्रींनी मोजणी थांबवली नाही, पण खांदे हलत होते. आमचा नववा नंबर पुसून कौसाबाईंनी अकरावा केला. मोटार मिळाली तेव्हा तिच्याबरोबर एक पिशवीही मिळाली, आत जळक्या तारांचं भेंडोळं.

"हे काय?"

"तुमचं जुनं तांबं."

"मला काय करायचंय?"

"ते तुमचं तुम्ही बघा. गिऱ्हाइकाचं तांबं गिऱ्हाइकाच्या घरी. जुनं तांबं गुपचूप इकतेत म्हणूनच आमच्या धंद्याचं नाव खराब हाय."

या पिशवीसाठी मी दुकानात आत शिरलो म्हणून मला ती भिंत दिसली. खिळ्याला एक जुनी इलेक्ट्रिक गिटार, आणि तिच्याखाली फळीवर काळ्या टेपनं गुंडाळलेल्या दहा-बारा लांबट डब्या. मी विचारलं, हे काय. मिस्त्री एकदम दहा वर्षांनी लहान झाले. वरातीत वाजतो तो बेंजो, त्याला पिकअप लागतो. आसपासच्या सगळ्या बेंजो पार्ट्यांचे पिकअप मिस्त्री भरायचे, कौसाबाईंच्या शिवणयंत्राच्या चाकावर, विजेच्या जुन्या रिले-स्विचमधून उपसलेल्या बारीक तारेचे. आणि ते स्वतः तीस वर्षं भीमगीतांच्या एका गायन पार्टीत गिटार वाजवत होते. चौदा एप्रिलला शहरात, मग पुढं महिनाभर गावोगाव, पार अजिंठ्यापर्यंत.

मी दुसऱ्याच दिवशी मखमली डबी घेऊन गेलो. मिस्त्रींनी ती उघडली, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. बराच वेळ पाहिलं.

"डोळे तर झकास आणलेत," ते म्हणाले. "चेहरा कुठंय?"

"तोच घ्यायचाय. परवडेल असा. तुम्ही बरोबर येता का?"

ते थोडे थांबले. माझ्याकडं, मग भिंतीवरच्या गिटारकडं पाहिलं. आज मला तो थांबा पुरता समजतो, त्या दिवशी मला वाटलं माणूस मोटारींचा हिशोब करतोय. मग म्हणाले, "चला. तुम्ही इचारलंय तर दाखवतो."

वाद्यांचं दुकान करीमसेठचं, तिथंच चार बोळ सोडून. मिस्त्री दारातून आत येताच करीमसेठ म्हणाले, "आओ उस्ताद! आज बेंजो नै, साहब लाए?" मला त्यांनी एक तांबडी गिटार दाखवली. काय सांगू! डाळिंबाच्या दाण्यासारखा रंग, सोनेरी बटणं, सोनेरी खुंट्या. माझ्या पिकअपच्या टोपणांना अगदी जुळणारी. करीमसेठनी ती मोठ्या स्पीकरला जोडली आणि एकच झंकार काढला, तर समोरच्या चहाच्या टपरीवरचे लोक वळून बघायला लागले.

"प्लग निकालो," मिस्त्री म्हणाले.

"अरे उस्ताद, सुनो तो."

"सुनतूच ना. इसलिए बोलतूं, निकालो." मग माझ्याकडं वळून, "साहेब, ह्यातले पिकअप आपण काढूनच टाकणार. मग ते ऐकून काय करता? भाड्याच्या मंडपाकडं बघून घर घेतं का कोणी?"

वायर निघाली. कमरेला खोचलेला पेचकस निघाला. त्यांनी टोक गिटारच्या अंगावर टेकवलं, मूठ डाव्या कानाला लावली आणि मला म्हणाले, "एक तार छेडा. एकच." मी छेडली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, आवाज विरेपर्यंत. मग गिटारची मान नेम धरल्यासारखी डोळ्यापुढं धरून पाहिली. मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, त्यांच्या कडांवरून अंगठा फिरवला. "नाय." दुसरी. "नाय." अशा सहा झाल्या. मला वाटलं, माठ घेताना आमची आई अशीच टिचक्या मारायची आणि कुंभाराचा जीव घ्यायची.

"सगळ्यांत खोट आहे?" मी विचारलं.

"खोट नाय. कोवळ्या आहेत. कुठल्यातरी दमट गावाहून आल्यात. आपला एप्रिल बघायचाय त्यांनी अजून. पिकअप बदलता येतो, खुंट्या बदलता येतात, बटणं तर पोरंसोरं बदलतेत. मान बदलता येत नाय."

मग त्यांनी वर पाहिलं. शटरच्या पत्र्याला लागून, धुळीत, एक गिटार टांगलेली. रंग शिळ्या वरणाचा. एक बटण गायब. "वो तो पुरानी है उस्ताद," करीमसेठ म्हणाले. "उसकू कोई पूछता नै." मिस्त्रींनी स्टूल ओढून ती स्वतः उतरवली. पेचकस लावला. मी तार छेडली. या वेळी आवाज विरल्यावरही त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"ही," ते म्हणाले. "तापल्या पत्र्याखाली दोन दुष्काळ काढलेत हिनं. लाकडाला जेवढं आटायचं तेवढं आटून बसलंय. आता ही कुठंबी जात नाय." खांद्यावरच्या फडक्यानं त्यांनी ती पुसली, मागूनपुढून, सावकाश, आणि परत टांगली. "करीमसेठ, ये साहब की है. कल आतेत."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. एकटा. आणि तांबडी घेऊन आलो.

कारण विचारू नका. कारण विचाराल तर सांगतो: कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात मी मंचावर उभा आहे हे दृश्य मी मनात पाहिलं, आणि त्या दृश्यात माझ्या गळ्यात शिळं वरण दिसेना. करीमसेठही म्हणाले, "साहब, आपकी पर्सनालिटी कू वो दाल का रंग?" चार जिल्ह्यांतल्या पुरवठादारांनी जे माझ्यावर वापरून पाहिलं आणि जमलं नाही, ते या माणसानं एका वाक्यात केलं.

मिस्त्रींना मात्र सांगायची हिंमत झाली नाही. "मोटारींची गर्दी ओसरली की आणा, पिकअप बसवून देतो," असं त्यांनी आधीच म्हटलं होतं. गर्दी ओसरत नव्हती. मी सोसायटीच्या कामानं गेलो की ते विचारायचे, "कशी हाय आपली वरणवाली?"

"झकास," मी सांगायचो.

"आवाज टिकतो का?"

"टिकतो म्हणजे काय!"

ते खुलायचे. बाजूला बसलेल्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "साहेबानं रंग नाय बघितला. असा माणूस लाखात एक." आणि तो लाखातला एक चहाच्या कपात तोंड घालायचा.

मार्चच्या शेवटी तांबडीनं मिस्त्रींची वाणी खरी केली. हवेत थेंबभर ओलावा नव्हता. लाकूड आटलं, पण धातू कुठून आटणार? मानेवरच्या पट्ट्यांची टोकं कडेनं बाहेर आली आणि वाजवताना तळहाताला ओरखडे काढायला लागली. मान पिळवटली ती वेगळीच. ऑफिसात एकानं विचारलं, "मांजर पाळलंय का?" मी हो म्हणालो. खोट्याची सवय लागली होती.

त्याच आठवड्यात सोसायटीची मोटार पुन्हा बंद पडली आणि या वेळी मिस्त्री स्वतः बघायला आले. खाली काम झालं, हात धुवायला वर आले. मी गिटार लपवायला धावलो, पण तांबडा रंग लपवायला अवघड असतो, तो त्यासाठी बनवलेलाच नसतो. सोफ्यावर ती पसरलेली. मिस्त्री तिच्यापुढं उभे राहिले. मग वाकून पट्ट्यांच्या कडांवरून अंगठा फिरवला, आणि माझ्या हाताकडं पाहिलं.

"अन् ती?" त्यांनी विचारलं.

"दुकानातच. म्हणजे असेल. मी नंतर... माहीत नाही."

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बरं. पट्ट्या घासून देतो. हात कापून घेऊ नका," आणि पाणी पिऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मी कबुली द्यायला शहागंजात गेलो, तर मिस्त्री वस्तीवरच्या बोअरवर गेलेले. कौसाबाई होत्या. मी म्हटलं, वहिनी, माझं चुकलं, मी मिस्त्रींशी खोटं बोललो.

"त्ये कळलं," त्या म्हणाल्या. "खोटं बोलला त्याचं काय नाय. पर त्यांचं नुकसान झालं त्याचं काय?"

"त्यांचं?"

त्यांनी भिंतीकडं खडू रोखला. "त्या गिटारीची मान तडकलीय. दोन गाणी झाली की सूर सोडती. करीमसेठकडची वर टांगलेली ती त्यांनी सहा महिन्यांपासून बघून ठिवली व्हती. जयंतीच्या आधी घ्यायची म्हणून."

"मग मला कशाला दाखवली?"

"तुम्ही इचारलं. इचारणाऱ्याला चांगली असंल तीच दाखवायची, असा माणूस हाय त्यो. तुम्ही नेली म्हणून गप बसला. तुम्ही नेली नाय हे कळलं तर काल तसाच पळत गेला दुकानात. विकली. भिंतीला टांगाया कोणी लासूरच्या शेठनं नेली." खडू स्टुलावर ठेवून त्या पुढं म्हणाल्या, "पार्टीनं सांगितलंय, औंदा गिटार धड नसंल तर कीबोर्डवाला बोलवू. तीस वर्षांत एक जयंती चुकली नाय त्यांची. अन् डावा कान बी उतरायलाय, भाऊ. अजून किती वर्षं ऐकू येईल काय म्हाईत."

चौदा एप्रिलला पंधरा दिवस होते.

रविवारी सकाळी मी स्कूटर आणि पिशवीत घातलेली तांबडी घेऊन मिस्त्रींच्या दारात उभा राहिलो. "बसा," म्हटलं. ते मागं बसले, तांबडीला मांडीवर आडवं धरून. लासूर स्टेशनपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना रानं भाजलेली, आणि दर दहा मिनिटांनी समोरून एक टँकर, मागं पाण्याची धार सांडत. प्रत्येक टँकरला मिस्त्री मागून म्हणायचे, "वायसर गेलाय."

शेठ म्हणजे मोंढ्यातले, धान्यबाजारातले, अडते पन्नाशेठ. नवा बंगला बांधलेला. बैठकीच्या भिंतीवर आमची वरणवाली, शेजारी हरणाचं प्लास्टिकचं मुंडकं. "सजावटवाल्यानं सांगितलं, ह्या कोपऱ्यात गिटार पाहिजे," शेठ म्हणाले. "पण घरात रोज कटकट. बायको म्हणती, एवढा बंगला बांधला अन् भिंतीला खरकटं लावलं." मी घाईघाईनं तांबडी पिशवीतून काढली. शेठचे डोळे तसेच झाले, जसे करीमसेठच्या दुकानात माझे झाले असतील.

"बदलून घेता?" मी म्हणालो. सौदा झाल्यातच जमा होता. तेवढ्यात मिस्त्री मधे पडले.

"शेठ, ह्या गिटारीची मान वाकडी आहे. सांगून ठिवतो. वाजायची नाय नीट."

मी मिस्त्रींचा शर्ट ओढला. त्यांनी माझा हात बाजूला केला. शेठनी मिस्त्रींकडं, तांबडीकडं, मग भिंतीकडं पाहिलं.

"मिस्त्री," ते म्हणाले, "भिंतीला मान सरळ कशाला लागती?"

परतीच्या वाटेवर मिस्त्रींनी वरणवालीला पोटाशी धरलं होतं. सावंगीच्या आसपास मला पाठीमागून गुणगुणणं ऐकू आलं. दुकानाशी उतरल्यावर मी म्हणालो, "ही आता तुमची. आणि माझे परदेशी पिकअपही हिच्यातच बसवा. मला तेवढं तरी करू द्या."

"फुकट नको."

"मग?"

त्यांनी भिंतीवरची तडकलेली काढली. "हिची मान मी पट्टी ठोकून, बोल्ट मारून देतो. शिकायला पुरती. ही तुमची, ती माझी. फिटंफाट." स्कूटरच्या डिकीतून मखमली डबी काढून मी तिथंच ठेवली. आणि लाज सोडून विचारलं, "मिस्त्री, आता तरी आमची मोटार जरा वर..."

"घागरी मोजून," ते म्हणाले.

आठ दिवसांनी तडकलेली घ्यायला गेलो. बोल्ट मारलेली, आणि पिकअप त्यांच्या सवयीप्रमाणे काळ्या टेपनं गुंडाळलेले. वरणवालीचेही तसेच. मी म्हटलं, "परदेशी टोपणं झाकलीत की!" मिस्त्री म्हणाले, "झाकलं की माणूस ऐकतो. अन् तांबं ज्याचं त्याच्या घरी." मी मान डोलावली. या बाबतीत माझा हातखंडा तोवर सर्वांना ठाऊक झाला होता.

त्या जयंतीला कंपनीनं मला नेमकं चेन्नईला पाठवलं. पण आल्यावर ऐकलं, की कीबोर्डवाला आलाच नाही आणि मिस्त्रींनी वाजवलेलं लोक अजून बोलताहेत. मग वर्षभर मी गप्प बसलो असेन असं कुणाला वाटत असेल तर त्यानं मला ओळखलं नाही. ऑफिसात, सोसायटीत, पाहुण्यांत, मी सांगत सुटलो: त्या आवाजामागे माझे पिकअप आहेत. घरी बोल्टवाल्या गिटारवर माझी बोटं अडखळत. सुमेधा दुसऱ्या खोलीतून म्हणे, "पुरे." मी म्हणे, "माझा दोष नाही. हिच्यात मिस्त्रींचे गावठी पिकअप आहेत. भारी जोडी मी त्यांना देऊन टाकली ना."

पुढच्या वर्षीही पाऊस नव्हताच. जयंतीला मी मिस्त्रींच्या वस्तीवर गेलो. दिवस मावळत होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा मंच, निळे झेंडे, आणि ट्रॉलीमागे तोच सार्वजनिक बोअर. त्याची मोटार मिस्त्रींनी त्या आठवड्यात तिसऱ्यांदा भरली होती. ट्रॉलीच्या कडेला मिस्त्री उभे, गळ्यात वरणवाली. एवढी वर नेलेली की तिच्या मानेलगतच्या शिंगासारख्या टोकावर त्यांचा जबडा टेकला होता. डावा कान पुरता गेला, हे मला कुणीतरी तिथंच सांगितलं. आता ते दातांनी, हाडांनी ऐकत होते. डोळे मिटलेले. गाणारा कडव्याच्या शेवटी थांबला आणि मिस्त्रींनी एकच तार छेडली. करीमसेठच्या दुकानात मी छेडली होती तशी, फक्त वायर लावून. ती विरेपर्यंत ट्रॉलीपुढचे पाचशे लोक हललेसुद्धा नाहीत. पुढं माझी बदली पुण्याला झाली. मी मिस्त्रींना पाहिलं ते एवढंच शेवटचं. ते गेल्याचंही मला सहा महिने उशिरा कळलं.

त्या संध्याकाळी मात्र माझी छाती फुगली होती. शेजारच्या अनोळखी माणसाला मी कोपरानं ढोसलं. म्हटलं, "आवाज बघितला? पिकअप परदेशी आहेत. माझे. मीच दिलेत. मिस्त्रींचे साधे पिकअप माझ्या गिटारला घेतले, म्हणून माझा हात मागं राहिला."

पुढच्या सतरंजीवरून कौसाबाईंनी मागं वळून पाहिलं.

"भाऊ, तुमचे पिकअप तुमच्याच गिटारीत हायेत. टेप काढून बघा," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाइकाचं तांबं त्यांनी कधी ठिवून घेतलंय का? हे वाजतंय त्ये घरच्या शिलाई मशीनवर भरलेलं."

मी म्हणालो, "मग माझी का वाजत नाही?"

"पिकअप बदलून झाले, गिटार बदलून झाली," कौसाबाई परत मंचाकडं वळत म्हणाल्या. "आता वाजवणारा बदला."